बदललेली वाटी पुन्हा दुखते तेव्हा: बोन स्कॅन काय सांगतो, काय सांगत नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना मध्ये मध्ये आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसं आहे ना' तेवढे काढून टाकलेत.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात कुणाची तरी गुडघ्याची वाटी बदललेली असेल. आजीची, मावशीची, शेजारच्या काकांची. ऑपरेशननंतर पाच-सहा वर्षं मस्त जातात. जिने चढणं, मंडईत जाऊन भाजी आणणं, सगळं सुरू असतं. आणि मग एक दिवस आजी म्हणते, "खुर्चीतून उठलं ना, की पहिली चार पावलं फार दुखतात गं. मग जरा बरं वाटतं." एक्स-रे काढला तर डॉक्टर म्हणतात, तसं ठीक दिसतंय. रक्ताच्या तपासण्यांतूनही नक्की काही कळत नाही. मग चिठ्ठीवर लिहून येतं: थ्री फेज बोन स्कॅन, न्यूक्लियर मेडिसिन विभाग.

'न्यूक्लियर' शब्द ऐकून अर्धं घर घाबरतं. उरलेलं अर्धं घर रिपोर्ट आल्यावर घाबरतं, कारण व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफमध्ये लिहिलेलं असतं, 'इन्क्रीज्ड ट्रेसर अपटेक'. आणि ते गूगल करायचं काम आपल्याकडे येतं, कारण घरात फोन चालवणारे आपण.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे आजीच्या गुडघ्याचा निर्णय तुमच्या हाडांच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. पण हा स्कॅन कसा काम करतो हे कळलं, तर डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता येतात. आणि आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: या स्कॅनचं 'नाही' खूप भरवशाचं असतं, पण त्याचं 'हो' अर्धवट असतं.

आत नेमकं सैल काय होतं?

पहिली गंमत म्हणजे, 'वाटी बदलली' असं आपण म्हणतो खरं, पण खरी वाटी, म्हणजे गुडघ्यावरचं ते गोल हाड, बऱ्याचदा तसंच ठेवतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोक थोडं तासून त्यावर धातूची टोपी बसवतात. नडगीच्या हाडाचा वरचा भाग सपाट कापून त्यावर धातूची ताटली बसवतात. या दोघांच्या मध्ये पॉलिथिलीनची, म्हणजे एका चिवट प्लास्टिकची चकती असते. खुब्याच्या बाबतीत मांडीच्या हाडात एक लांब दांडा घुसवतात, त्याच्या टोकावर बॉल असतो आणि तो कंबरेच्या हाडात बसवलेल्या वाटीत फिरतो.

आता हा धातू हाडाला धरून कसा राहतो? दोन पद्धती आहेत. एक, बोन सिमेंट. हे ॲक्रिलिक असतं, हाड आणि धातू यांच्यामधली फट ते भरून काढतं. दुसरी, सिमेंटशिवाय. धातूचा पृष्ठभाग खडबडीत ठेवतात आणि हाड वाढून त्यात घट्ट बसतं.

आपल्याकडे म्हणतात, खुंटा हलवून बळकट करावा. हाडातला खुंटा मात्र हलला की बळकट होत नाही, आणखी सैल होतो. आणि हलायला सुरुवात कशी होते, ती गोष्ट जरा विचित्र आहे.

आधुनिक खुब्याचं ऑपरेशन रुळवलं ते इंग्लंडच्या जॉन चार्नली यांनी. त्यांनी आधी वाटीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं. ते फार लवकर झिजलं आणि झिजलेल्या भुकटीने आजूबाजूच्या भागाची वाट लावली. मग 1962 पासून त्यांनी रायटिंग्टन हॉस्पिटलमध्ये पॉलिथिलीन वापरायला सुरुवात केली, आणि ते जमलं. पण पॉलिथिलीनही झिजतंच, फक्त हळूहळू. प्रत्येक पावलाबरोबर डोळ्यांना न दिसणारे कण सुटतात. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या चिडतात आणि रसायनं सोडतात. त्या रसायनांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी जाग्या होतात. इम्प्लांटच्या कडेचं हाड झिजतं, फट पडते, धातू किंचित हलायला लागतो. हलला की आणखी झीज, आणखी कण, आणखी फट. कोडमध्ये याला आम्ही इन्फिनिट लूप म्हणतो. अशा जंतूंशिवायच्या सैल होण्याला 'असेप्टिक लूझनिंग' म्हणतात. हेच रिपोर्टमधल्या लूझनिंगचं सगळ्यात ओळखीचं रूप.

घाबरू नका, बहुतेक गुडघे छान टिकतात. 2019 साली 'द लॅन्सेट'मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी बरीच माहिती एकत्र करून दाखवलं की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के आणि खुब्यांपैकी साधारण 58 टक्के 25 वर्षांनंतरही टिकून असतात. पण आपल्या आजीचा गुडघा उरलेल्यांत आहे का, हे शोधायचं तर टक्केवारी उपयोगाची नाही. आत बघावं लागतं.

एक्स-रे कुठे कमी पडतो?

पहिली तपासणी एक्स-रेच असते, आणि ती तशीच असायला हवी. इम्प्लांट आणि हाड यांच्यामध्ये काळी रेघ दिसते का, ती रेघ वर्षागणिक रुंद होतेय का, धातूची जागा सरकलीय का, हे एक्स-रे स्वस्तात सांगतो.

पण अडचणी दोन आहेत. एक्स-रे म्हणजे सावली. धातूच्या मागे जे आहे ते त्या सावलीत लपतं, आणि ती बारीक फट दिसायला किरण अगदी फटीच्या रेषेत जावा लागतो. थोडा कोन चुकला की फट गायब. दुसरी अडचण अशी, की साध्या एक्स-रेवर हाड विरळ झालेलं दिसायला तिथलं साधारण 30 ते 50 टक्के खनिज आधी जावं लागतं. म्हणजे बातमी येते तोपर्यंत बराच माल गेलेला असतो.

सीटी आणि एमआरआय चांगले आहेत, पण धातू जवळ असला की चित्रात रेघोट्या आणि काळे डाग येतात. ते कमी करायची तंत्रं आता आहेत, तरी अडचण पूर्ण गेलेली नाही.

या सगळ्या तपासण्या एकच प्रश्न विचारतात: हाड दिसतं कसं? बोन स्कॅन वेगळा प्रश्न विचारतो: हाड करतंय काय?

गवंडी कुठे कामाला लागलेत?

हाड आपल्याला दगडासारखं वाटतं, पण ते जिवंत आहे. रोज कुठे ना कुठे थोडं तोडलं जातं आणि तिथे नवीन बांधलं जातं. तोडणाऱ्या पेशी वेगळ्या, बांधणाऱ्या वेगळ्या. बांधणाऱ्यांना आपण गवंडी म्हणूया.

इम्प्लांट हलायला लागलं की प्रत्येक पावलाला कडेच्या हाडावर चुकीचा ताण येतो. हाड त्याला उत्तर म्हणून दुरुस्ती सुरू करतं. रक्तपुरवठा वाढतो, गवंडी जमतात, नवं खनिज घातलं जातं. तुमच्या गल्लीत एकाच जागी दर महिन्याला रस्ता खणून दुरुस्ती चालू असेल, तर तुम्ही ओळखता की खाली पाइपलाइनला काहीतरी झालंय. पाइप दिसत नाही, कामगार दिसतात. बोन स्कॅन नेमकं हेच करतो. सैल झालेला धातू तो दाखवत नाही, त्याच्याभोवती जमलेले गवंडी दाखवतो.

हे गवंडी दिसण्यासाठी एक औषध शिरेतून टोचतात. त्याचं नाव एमडीपी. हा फॉस्फरस असलेला रेणू आहे आणि हाडात जिथे ताजं खनिज बनतंय तिथे तो जाऊन चिकटतो. या रेणूला एक किरणोत्सारी अणू जोडलेला असतो: टेक्नेशियम-99एम. रेणू पत्ता शोधतो, अणू तिथून सिग्नल पाठवतो. डिलिव्हरी बॉय आणि त्याच्या खिशातला जीपीएस असं समजा.

सहा तासांचा पाहुणा

टेक्नेशियम हे निसर्गात जवळजवळ न सापडणारं मूलद्रव्य. 1937 मध्ये इटलीतल्या पालेर्मो इथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ते शोधलं, आणि तेही अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या वापरलेल्या पत्र्यात. नावाचा ग्रीक अर्थच 'कृत्रिम'.

डॉक्टरांना ते इतकं का आवडतं? टेक्नेशियम-99एमचं अर्धायुष्य सुमारे 6 तास. म्हणजे दर सहा तासांनी उरलेल्यातलं निम्मं संपतं. सकाळी टोचलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सोळावा हिस्साच उरतो, आणि त्यातलंही बरंच लघवीतून आधीच निघून गेलेलं असतं. चित्र काढायला वेळ मिळतो आणि पाहुणा मुक्काम ठोकत नाही. त्यातून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा 140 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. शरीराबाहेर यायला ती पुरेशी आहे आणि कॅमेऱ्याला पकडायलाही सोयीची आहे.

तुम्ही विचाराल, सहा तासांत निम्मं संपणारा माल हॉस्पिटलपर्यंत आणतात कसा? टेक्नेशियम आणत नाहीत, त्याची आई आणतात. मॉलिब्डेनम-99 अणुभट्टीतून मिळतं, त्याचं अर्धायुष्य 66 तास, आणि ते क्षय पावताना टेक्नेशियम तयार होत राहतं. शिशाच्या आवरणातल्या एका नळीत मॉलिब्डेनम धरून ठेवलेलं असतं. सकाळी त्यातून सलाइन सोडलं की फक्त टेक्नेशियम विरघळून बाहेर येतं. जगभरातले तंत्रज्ञ या यंत्राला लाडाने 'गाय' म्हणतात, कारण रोज सकाळी दूध काढायचं. एक गाय साधारण आठवडाभर चालते.

आपल्या महाराष्ट्राचा यात थेट संबंध आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून मुंबईत परळला आहे, आणि वाशीचं 'ब्रिट', म्हणजे बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी, देशभरातल्या हॉस्पिटलांना अशी औषधं पुरवतं. हाडापर्यंत टेक्नेशियम पोचवणाऱ्या फॉस्फेटच्या रेणूंचं काम मात्र 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या सिरॅक्यूज इथे गोपाल सुब्रमण्यन आणि जॉन मॅकॅफी यांनी पुढे नेलं. आज टोचतात ते एमडीपी त्याच कामातून आलं.

स्कॅनच्या दिवशी काय होतं?

थ्री फेज म्हणजे एकाच इंजेक्शननंतर तीन वेळा बघणं.

पहिला टप्पा इंजेक्शन देतानाच, पहिल्या मिनिटाभरात. औषध रक्तातून गुडघ्यात कसं पोचतंय ते बघतात. रक्तपुरवठा वाढलेला असेल तर ती बाजू आधी उजळते.

दुसरा टप्पा पुढच्या काही मिनिटांत. औषध सूज आलेल्या मऊ भागात साठलंय का ते दिसतं.

मग मोठा ब्रेक. दोन ते चार तास. या वेळात भरपूर पाणी प्यायचं आणि लघवीला जाऊन यायचं, म्हणजे हाडात न गेलेलं औषध बाहेर पडतं. आजीबरोबर जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि खायला काहीतरी न्या. उपाशी राहायची सहसा गरज नसते.

तिसरा टप्पा म्हणजे खरा बोन स्कॅन. हाडात चिकटलेलं औषध आता स्पष्ट दिसतं.

कॅमेऱ्याबद्दल एक गैरसमज असतो, की तो किरण सोडतो. हा गॅमा कॅमेरा काहीही सोडत नाही. किरण येतात ते आजीच्या हाडातून. कॅमेऱ्यातल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर किरण पडला की बारीक प्रकाश चमकतो, तो मोजला जातो, आणि लाखो चमकींचं मिळून चित्र बनतं. म्हणूनच धातूचा इथे फारसा त्रास नाही. इम्प्लांटच्या जागी रिकामा आकार दिसतो आणि त्याच्या कडेचं हाड बोलत राहतं.

आता बऱ्याच ठिकाणी स्पेक्ट-सीटी असतो. कॅमेरा गुडघ्याभोवती फिरून त्रिमितीय चित्र घेतो आणि त्यावर सीटी स्कॅन बसवतात. मग 'गुडघ्यात काहीतरी आहे' इतक्यावर न थांबता 'नडगीवरच्या ताटलीच्या आतल्या बाजूला आहे' किंवा 'मूळच्या वाटीच्या मागे आहे' असं सांगता येतं. हा फरक मोठा आहे, कारण दुखणं मूळच्या वाटीचं असेल तर उपाय वेगळा असतो.

ठिपका दिसला. आता?

आता मुख्य मुद्दा. गवंडी दिसले म्हणजे पाइप फुटलाच, असं नाही. गवंडी नवीन बांधकामालाही येतात.

ऑपरेशन हीच हाडासाठी मोठी जखम असते. ती भरताना हाड महिनोन्महिने कामात असतं. सिमेंट घातलेल्या खुब्यात ही धावपळ साधारण वर्षभरात शांत होते. सिमेंट नसलेल्या खुब्यात हाडाला धातूत वाढायचंच असतं, त्यामुळे दोन वर्षं किंवा त्याहूनही जास्त चालू शकते. आणि गुडघा तर फार बोलका. अजिबात न दुखणाऱ्या, छान चालणाऱ्या बदललेल्या गुडघ्यातही वर्ष उलटून गेल्यावर ठिपका दिसतो, विशेषतः नडगीच्या बाजूला. म्हणून ऑपरेशनला आठ महिने झालेत आणि स्कॅनमध्ये गुडघा उजळलाय, यावरून लगेच काहीही ठरत नाही.

ठिपका कुठे आहे हेही बघतात. खुब्याच्या दांड्याच्या टोकापाशी ठळक ठिपका असेल तर दांडा हलतोय असा संशय बळावतो, कारण सैल खुंट्याचं टोकच सगळ्यात जास्त डुलतं. दांड्याभोवती सगळीकडे उजळलेलं असेल तर जंतूंचाही विचार करतात. पण हे नियम पक्के नाहीत. दोन्ही गोष्टी एकमेकींसारख्या दिसू शकतात.

जरा हिशोब करूया, म्हणजे 'हो' अर्धवट का ते कळेल. हे आकडे कुठल्या अभ्यासातले नाहीत, समजण्यापुरते धरलेत. समजा 100 जणांचे बदललेले गुडघे दुखतायत आणि त्यातले 20 खरोखर सैल आहेत. स्कॅन सैल असलेल्यांपैकी 90 टक्के पकडतो, म्हणजे 18. उरलेल्या 80 चांगल्या गुडघ्यांपैकी 70 टक्क्यांना, म्हणजे 56 जणांना, तो बरोबर 'ठीक' म्हणतो. पण 24 जणांच्या चांगल्या गुडघ्यावरही ठिपका दाखवतो.

आता मोजा. ठिपका एकूण 42 जणांना दिसला, त्यातले खरे सैल 18. निम्म्याहूनही कमी! आणि ठिपका दिसला नाही अशा 58 जणांपैकी 56 खरोखर ठीक. म्हणजे जवळपास 97 टक्के. एकच मशीन, एकच दिवस, पण 'नाही' आणि 'हो' यांचं वजन किती वेगळं! आमच्याकडे सर्व्हरवर फार संवेदनशील अलार्म लावला की हेच होतं. तो शांत असला की निवांत झोपायचं. वाजला की आधी लॉग बघायचे, लगेच सर्व्हर बंद करायचा नाही.

इथे 'सर्व्हर बंद करणं' म्हणजे दुसरं ऑपरेशन. त्याला रिव्हिजन म्हणतात. पहिल्यापेक्षा ते अवघड, जास्त वेळ घेणारं आणि जास्त खर्चाचं, कारण बसवलेलं काढताना हाडही थोडं जातं. ज्या गुडघ्यात काहीच सैल नाही तो उघडला तर दुखणं तसंच राहू शकतं. गुडघ्याचं दुखणं कधी कधी मुळात खुब्यातून किंवा पाठीच्या मणक्यातून आलेलं असतं. म्हणूनच स्वच्छ स्कॅन ही फार मोठी बातमी आहे. इम्प्लांटला हात लावायची घाई नको, दुसरीकडे शोधा, असं तो सांगतो.

जंतू आहेत का, हा दुसरा प्रश्न

सैल असेल तर का सैल आहे, हे पुढचं. नुसतं झिजून सैल झालं असेल तर सहसा एकाच ऑपरेशनमध्ये जुनं काढून नवं बसवता येतं. जंतू असतील तर बऱ्याचदा आधी सगळं काढून साफ करतात, प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात, कित्येक आठवडे औषधं देतात आणि मग पुन्हा नवं बसवतात. जंतू ओळखले नाहीत आणि थेट नवं बसवलं, तर तेही सडायचा धोका असतो. म्हणून हा फरक करणं जिवावरचं काम आहे.

साधा बोन स्कॅन हा फरक नीट करत नाही. गवंडी दोन्हीकडे जमतात. मग वेगळी युक्ती करतात. जंतूंशी लढायला जातात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. आजीचं थोडं रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना किरणोत्सारी खूण लावतात आणि परत शरीरात सोडतात. मग त्या कुठे जमतात ते बघतात. नुसत्या झिजेने सैल झालेल्या ठिकाणी या लढाऊ पेशी फारशा जात नाहीत. जंतू असतील तिथे धाव घेतात.

यात एक मेख आहे. पांढऱ्या पेशी हाडातल्या मगजातही जातात, आणि ऑपरेशननंतर मगज नेहमीच्या जागेवरून सरकलेला असू शकतो. म्हणून मगज दाखवणारा दुसरा स्कॅन, सल्फर कोलॉइडचा, त्याला जोडून करतात. दोन्ही चित्रं जुळली तर तो मगज. पांढऱ्या पेशी दिसतायत आणि तिथे मगज नाही, तर जंतूंचा संशय. ही जोडी बरीच अचूक मानली जाते, पण रक्त हाताळायची सोय लागते, त्यामुळे सगळीकडे होत नाही.

आणि हे सगळं असूनही सांध्यात सुई घालून पाणी काढणं आणि ते तपासणं, रक्तातलं ईएसआर आणि सीआरपी बघणं, याला पर्याय नाही. स्कॅन त्यांच्या सोबतीला असतो, जागेवर नाही.

हमखास येणारे तीन प्रश्न

*किरणांचा धोका किती?* प्रौढ माणसाच्या बोन स्कॅनमध्ये साधारण 4 मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. जमिनीतून, हवेतून आणि आकाशातून आपल्याला नैसर्गिकरीत्या मिळणारी जगाची सरासरी वर्षाला साधारण 2.4 आहे. म्हणजे दोन वर्षांच्या नैसर्गिक मात्रेपेक्षा थोडी कमी. सत्तरीच्या माणसाला निष्कारण दुसरं ऑपरेशन होण्याचा धोका याहून कितीतरी मोठा.

*घरी आल्यावर जवळ बसायचं की नाही?* बसायचं. फक्त त्या दिवशी तान्ह्या बाळाला फार वेळ मांडीवर घेऊ नये आणि गरोदर बाईने फार वेळ चिकटून बसू नये. पाणी पीत राहावं. तपासणी करून घेणारी स्वतः गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर इंजेक्शनच्या आधीच सांगायचं.

*धातूची ॲलर्जी, किडनीचा त्रास?* सीटीमध्ये देतात तो आयोडीनचा डाय हा नाही. औषधाचं प्रमाण अतिशय सूक्ष्म असतं. तरी किडनीचा आजार असेल तर विभागात सांगा, कारण औषध लघवीतून जातं आणि चित्राच्या स्पष्टतेवर परिणाम होतो.

रिपोर्ट हातात आला की

आता तुमचं काम. आजी फोन पुढे करून म्हणेल, "वाच बरं काय लिहिलंय." तेव्हा एवढं करा.

ऑपरेशनची तारीख आणि स्कॅनची तारीख शेजारी लिहा. मध्ये किती महिने गेलेत, यावर अर्धा अर्थ ठरतो. स्कॅन करणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनची तारीख, बाजू, आणि सिमेंट वापरलंय का, हे आधीच कळवा. चिठ्ठीवर बऱ्याचदा नसतं.

जुने एक्स-रे शोधा, विशेषतः ऑपरेशननंतर लगेच काढलेले. कपाटावरच्या त्या पिवळ्या पडलेल्या मोठ्या पाकिटात असतील. आजच्या एका चित्रापेक्षा दोन चित्रांमधला बदल जास्त सांगतो. हवं तर उजेडासमोर धरून फोनमध्ये फोटो काढा, पण मूळ फिल्म टाकू नका. ऑपरेशनच्या फाइलमध्ये इम्प्लांटचं स्टिकर असतं, त्यावर कंपनी आणि साइज असते. त्याचाही फोटो ठेवा. रिव्हिजनची वेळ आलीच तर सर्जन सगळ्यात आधी तेच मागतील.

आणि डॉक्टरांना विचारा: हा ठिपका इतक्या महिन्यांनी अपेक्षित आहे का? तो नेमका कुठल्या भागाशी आहे? जंतू नाहीत हे कशावरून ठरवलं? सांध्यातलं पाणी तपासलंय का? खुबा आणि मणका बघितलाय का?

ताप, गुडघा लाल होणं, जखमेतून पाणी येणं, पाय अचानक टेकवता न येणं, यातलं काही असेल तर मात्र स्कॅनची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी दाखवा.

तर मंडळी, आज इथेच थांबूया. घरात कुणाचा सांधा बदललेला असेल तर हा भाग फॅमिली ग्रुपवर टाकण्याआधी ते जुन्या एक्स-रेचं पाकीट शोधून ठेवा. प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. काळजी घ्या, भेटूया!